‘मामा, यातलं सेफ कोणतं?’ : हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात येणाऱ्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
मुक्काम नागपूर

सप्रेम नमस्कार.

सिताबर्डीत माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. एकोणीस वर्षे झाली. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे तुमचे एक अधिवेशन दरवर्षी आमच्या गावात भरते, तेव्हा यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. मलाही एक मोर्चा काढावासा वाटतो, पण माझ्यासोबत चालायला कोणी तयार होणार नाही. ज्यांचे पैसे गेले ते तोंड लपवून बसले आहेत. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते उघड लिहीत आहे.

काउंटरवर मला गेली पाच-सहा वर्षे एक प्रश्न विचारला जातो. ‘भाऊ, पैसे लावून पोकर खेळायचं भरवशाचं ॲप कोणतं?’ हिंगण्याच्या कॉलेजातली पोरे विचारतात, ऑटोवाले विचारतात, एकदा तर एका निवृत्त हेडमास्तरांनी चष्मा पुसत पुसत विचारले. कोणती बॅटरी ओरिजिनल हे जसे विचारतात तसेच. मीही तसेच उत्तर द्यायचो. किती लोकांनी उतरवले ते बघा, आधार-पॅन मागते का बघा, जिंकलेले पैसे स्वतःच्या खात्यात येतात का ते शंभर रुपये टाकून बघा. हे उत्तर प्रामाणिक आहे असे मला वाटत होते.

माझ्या भाच्याने हाच प्रश्न माझ्याच घरात विचारला. तो चोवीस वर्षांचा आहे, हिंगणा एमआयडीसीत कामाला जातो, महिन्याला १७,००० रुपये मिळतात. बहीण भंडाऱ्याला असते, भाचा मानेवाड्याला आमच्याकडे राहतो. जेवताना त्याने फोन पुढे केला, ‘मामा, यातलं सेफ कोणतं, पाहून सांगा ना.’ मी दोन नावांवर बोट ठेवले. जेवण थांबवून विचारलेही नाही, की बाबू, खेळायचेच कशाला.

पुढे जे झाले त्यात त्याची चूक आहे, माझी आहे, आणि सरकारचीही आहे. सरकारची कोणती, ते सविस्तर सांगतो.

तुम्ही क्रिकेटचा सामना पाहत असाल तर ती जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. मोठा नट हसत हसत पत्ते पिसायचा, आणि ‘या खेळात आर्थिक जोखीम आहे, जबाबदारीने खेळा’ हे वाक्य कोणाला कळू नये इतक्या वेगाने म्हटले जायचे. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळणाऱ्याने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के टीडीएस त्याच वर्षीच्या एप्रिलपासून कापला जात होता. पोकर हे कौशल्य की नशीब, यावर न्यायालयांचेही एकमत नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार म्हटले, कर्नाटकात त्याआधी ते कौशल्य ठरले होते. सामान्य माणूस निकालपत्रे वाचत नाही. तो एवढेच पाहतो, की सरकार यावर कर घेते, टीव्हीवर जाहिरात येते, ॲप पॅनकार्ड मागते, म्हणजे हे रीतसर आहे.

मग ऑगस्ट २०२५ आला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक मंजूर झाले आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. तो आमच्याकडे पोळ्याचा दिवस होता. विदर्भात पोळ्याला पत्त्यांचे डाव बसतात हे तुमच्यातल्या इकडच्या मंडळींना मी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारा पुतळा, निघाली, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून लोक ओरडत होते. दुकानात बसून मला खरेच वाटले, की या वर्षी एक पीडा गेली. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवायचाच नाही, असे नवा कायदा सांगतो. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पैशांचा व्यवहार जुळवून देणाऱ्यालाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र त्यात शिक्षा नाही. हा भाग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो आणि तोच लोकांना सर्वांत कमी माहीत आहे.

देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले आणि शिल्लक रक्कम काढून घ्या असे निरोप पाठवले. भाच्याचेही काही पैसे परत आले. त्यानंतर महिनाभरात त्याला एका ग्रुपवर मेसेज आला. जुन्या ॲपसारखाच रंग, तशीच चिन्हे, ‘तुमचे टेबल इथे सुरू आहे, जुन्या खेळाडूंना बोनस.’ प्ले स्टोअरवर ते ॲप नव्हतेच, लिंकवरून उतरवायचे होते. उतरवताना त्या ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. पत्त्याच्या खेळाला एसएमएस कशाला लागतात? ओटीपी तिथेच येतात म्हणून. मी हे फोन उघडून रोज पाहतो, पण त्या वेळी त्याने मला विचारले नाही. त्याला वाटले, मामाने एकदा पास केले आहे.

दिवाळीच्या आठ दिवस आधीची रात्र. शटर अर्धे ओढले होते आणि तो बाकावर येऊन बसला. फोन माझ्यासमोर ठेवला. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ६८,००० रुपये शिल्लक दिसत होती आणि खाली लिहिले होते, विड्रॉल प्रलंबित. मदतीच्या चॅटमध्ये ‘रिया’ नावाने कोणीतरी लिहीत होते, की सरकारी नियमाप्रमाणे ३० टक्के कर आधी भरा, मग रक्कम सुटेल. ६८,००० चे ३० टक्के म्हणजे २०,४००. ते त्याने सकाळीच भरले होते. त्यानंतर खाते ‘व्हेरिफाय’ करायला १५,००० मागितले, तेही भरले. आता आणखी मागत होते, म्हणून तो माझ्याकडे आला होता.

मी आधी व्यवहारांची यादी पाहिली. सात वेळा पैसे गेले होते आणि सातही वेळा वेगळ्या नावाला. एक किराणा भांडार, एक ब्युटी पार्लर, बाकी पाच साधी माणसांची नावे. पत्त्यांचा टेबल एक आणि गल्ला सात घरांत! टीडीएस कापून उरलेले पैसे द्यायचे असतात, कर आधी मागून घ्यायचा नसतो, हे मी त्याला सांगत होतो तेवढ्यात स्क्रीन पांढरी झाली. पुन्हा उघडले, तरी पांढरीच. त्याने तिसऱ्यांदा उघडले आणि मग फोन उलटा करून ठेवला. जुन्या-नव्या ॲपवर मिळून २,३६,००० रुपये गेले आहेत. त्यात मित्रांची उसनवारी आहे, एका कर्जाच्या ॲपचे पैसे आहेत आणि माझ्या बहिणीच्या गहाण ठेवलेल्या पाटल्या आहेत.

आता तक्रारी.

पहिली तक्रार पोलीस ठाण्याची. त्या रात्री मी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लाव म्हटले, तर तो नको नको म्हणत हात धरू लागला. आपण बंदी असलेला खेळ खेळलो, आपल्यालाच आत टाकतील, ही त्याची भीती. तीन दिवस त्यात गेले. सायबर फसवणुकीत पहिले काही तासच कामाचे असतात, तेवढ्यात कळवले तर पुढच्या बँकेत रक्कम अडवता येते, नाहीतर ती चार खाती ओलांडून जाते. चौथ्या दिवशी मी त्याला घेऊन ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न आला, ‘खेळला कायले?’ दुसरे वाक्य, ‘हे आमच्याकडे नाही.’ तिथून दुसरीकडे पाठवले, दुसरीकडून उद्या या म्हणाले. शेवटी एका महिला हवालदार ताईंनी त्याला पाणी दिले, खुर्ची दिली आणि सगळे लिहून घेतले. त्या ताईंचे आमच्यावर उपकार आहेत. पण चोवीस वर्षांच्या पोराला तक्रार देता यावी म्हणून नशिबाने एखादी ताई भेटावी लागते, हे मला मान्य नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. हद्दीचे कारण मग अजून का सांगितले जाते?

दुसरी तक्रार बँकांची, आणि ती माझ्या स्वतःच्या दुकानाची आहे. भाच्याच्या प्रकरणाच्या आधीच एका गिऱ्हाइकाने डिस्प्ले बदलून घेतला आणि १,८०० रुपये यूपीआयने दिले. पंधरा दिवसांनी माझे चालू खाते बंद पडले. दुसऱ्या राज्यातल्या कुठल्यातरी ऑनलाइन जुगाराच्या तक्रारीतले पैसे फिरत फिरत त्या गिऱ्हाइकाच्या खात्यातून माझ्याकडे आले होते म्हणे. वाद १,८०० चा आणि अडकले सगळे खाते. दुकानाचे भाडे, हाताखालच्या पोराचा पगार, स्पेअर पार्टवाल्याची उधारी, सगळे थांबले. शाखेत विचारले तर ‘वरून आदेश आहे’ एवढेच उत्तर. कोणाला भेटायचे, काय कागद द्यायचा, किती दिवस, हे कोणी लिहून दिले नाही. एकोणचाळीस दिवसांनी खाते सुरू झाले, तेही का झाले ते कळले नाही.

आणि ज्यांची खाती खरेच बंद व्हायला हवीत, ती जोरात चालू आहेत. मागच्या उन्हाळ्यात एक विशीतला मुलगा पाच फोन घेऊन आला. पाचही साधे, स्वस्तातले. प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने बँकेचे नाव नि चार आकडे. त्याला पाचही फोनवर आलेले मेसेज आपोआप एका नंबरवर जातील असे ॲप टाकून हवे होते. एका फोनचे पाचशे देतो म्हणाला. ती भाड्याची खाती होती. गरजू माणसाला काही हजार देऊन त्याचे पासबुक, एटीएम आणि सिम घ्यायचे आणि जुगाराचे पैसे त्यातून फिरवायचे. मी फोन परत केले, पण पोलिसांना कळवले नाही. गाळ्यात नसती भानगड नको म्हणून गप्प बसलो. भाच्याचे पैसे ज्या सात खात्यांत गेले, त्यांतले एखादे त्याच पट्टीवरचे असेल का, हा विचार मला झोपू देत नाही.

तिसरी तक्रार राज्याच्या कायद्याची आहे, आणि ती थेट तुमच्या हातातली आहे. जुगाराबद्दलचा राज्याचा कायदा १८८७ चा आहे. पोळ्याच्या दिवशी झाडाखाली चटई टाकून बसलेल्या पाच जणांना त्याखाली धरतात, चटईवरचे साडेसातशे रुपये आणि बावन्न पत्ते जप्त होतात, फोटोही छापून येतो. फोनमधल्या टेबलाला मात्र ना झाड, ना चटई, ना अड्डा. जुलै २०२३ मध्ये याच नागपुरातल्या एका व्यापाऱ्याची ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटींची फसवणूक उघड झाली. संशयिताच्या गोंदियातल्या घरावर छापा पडला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि सोने-चांदी निघाली होती. तेव्हा मोठा गवगवा झाला. पण याच नागपुरातल्या १७,००० पगाराच्या पोराकडून दोन लाख जातात तेव्हा छापा पडत नाही.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, बंदी हा उपाय नाही, चांगल्या कंपन्यांना परवाना द्या, लोक सुरक्षित ॲपवर खेळतील. काही कंपन्यांनी बंदीला आव्हान दिले आहे आणि त्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या आहेत. निकाल काय लागायचा तो लागो. पण ‘सुरक्षित’ म्हणजे काय, ते मी गेले काही महिने रात्री वाचत बसलो आहे, कारण मी ज्या दोन नावांवर बोट ठेवले ते कशाच्या जोरावर, हे मला स्वतःला कळून घ्यायचे होते.

पोकरमध्ये पत्ते कंपनीचा संगणक पिसतो. तो खरेच पिसतो की नाही, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळा जगात आहेत, पण शिक्का खरा की चिकटवलेले चित्र हे फोनवरून कळत नाही. टेबलावरचे चार जण खरेच चार माणसे आहेत, की दोघे एकमेकांना फोनवर पत्ते सांगत आहेत, की त्यांतला एक माणूसच नसून प्रोग्राम आहे, हे कळत नाही. कोणी जिंको, प्रत्येक डावातल्या रकमेचा एक तुकडा कंपनी काढून घेते, त्याला रेक म्हणतात. म्हणजे बरोबरीचे चार खेळाडू रात्रभर खेळले तरी सकाळी चौघांचे मिळून पैसे कमीच भरतात. आणि तुमची शिल्लक कंपनीच्या खर्चाच्या पैशांपासून वेगळी ठेवली आहे का, हे तर कोणालाच दिसत नाही. ‘फुल टिल्ट पोकर’ ही जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक होती, तिच्याकडे परदेशी परवानाही होता. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेने कारवाई केली, त्यानंतर बाहेर आले, की खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर द्यायचे होते आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी. त्याआधी ‘अ‍ॅब्सोल्यूट पोकर’मध्ये तर आतल्याच माणसाला समोरच्यांचे झाकलेले पत्ते दिसत होते. तिथे हे झाले. इथे लिंकवरून उतरवलेल्या ॲपचा परवाना मी माझ्या काउंटरवर उभा राहून काय तपासणार?

म्हणून आता मला कोणी विचारले तर मी सरळ सांगतो, पैसे लावून पोकर खेळायचे भरवशाचे ॲप आज नाही. एकही नाही. हे वाक्य माझ्या आधी सरकारने म्हणायला हवे होते, मराठीत, मोठ्या अक्षरांत. ते न म्हटल्यामुळे जी जागा रिकामी राहिली तिथे टेलिग्रामवाले ‘टॉप दहा सेफ ॲप’च्या याद्या घेऊन बसले आहेत. जुन्या जाहिरातीवर जितका पैसा ओतला गेला, त्याचा शंभरावा हिस्साही बंदी समजावून सांगायला दिसला नाही.

ॲपवर देशभर बंदी घालणे केंद्राकडे आहे हे मला माहीत आहे. पण पोलीस आणि जुगार हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत, तेव्हा आमच्या हातात काही नाही असे म्हणू नका. माझ्या मागण्या अशा आहेत.

गृहखात्याने प्रत्येक ठाण्याला लेखी आदेश द्यावा, की पैशांच्या ऑनलाइन खेळात फसलेला माणूस तक्रारदार आहे, आरोपी नाही. त्याची तक्रार त्याच दिवशी, त्याच ठाण्यात घ्यावी आणि १९३० ला तिथूनच फोन लावून द्यावा. हा आदेश ठाण्याच्या दारात मराठीत लावावा, म्हणजे माझ्या भाच्यासारखा पोरगा तो वाचून आत येईल.

वादातली रक्कम जेवढी, तेवढीच अडवावी. दुकानदाराचे सगळे खाते गोठवायचे असेल तर कारण, तक्रार क्रमांक आणि भेटायच्या अधिकाऱ्याचे पद त्याला लेखी कळवावे आणि निकालाची मुदत ठरवावी. बँका रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत आहेत, पण खाते अडवण्याचे पत्र बहुतेक वेळा पोलिसांकडून जाते, आणि ते कसे लिहायचे हे तुमचे गृहखाते ठरवू शकते.

भाड्याच्या खात्यांविरुद्ध गावोगाव मोहीम काढा. कॉलेजात, मजुरांच्या ठिय्यावर, एमआयडीसीच्या गेटवर जाऊन सांगा, की पासबुक भाड्याने दिले तर तुरुंगात जाल. आणि माझ्यासारख्या दुकानदाराला नाव न उघड करता कळवता येईल असा एक नंबर द्या. असा नंबर असता तर त्या पाच फोनांच्या दिवशी मी गप्प बसलो नसतो.

बसस्थानक, मेट्रो स्टेशन, रेशन दुकान आणि प्रत्येक कॉलेजात फलक लावा, ‘पैसे लावून खेळायचे कोणतेही ऑनलाइन ॲप कायदेशीर नाही. फसलात तर १९३०.’

१८८७ च्या कायद्यात फोन आणा. त्यात खेळणाऱ्याला धरू नका. इथे बसून आयडी वाटणारा, खाती गोळा करणारा, लिंक पसरवणारा, त्याला धरा.

आणि एक मागणी अशी, जी मी कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही. भाचा आता खेळत नाही, पण रात्री दोनला उठून बसतो. ‘एक चांगला हात आला असता तर सगळे भरून निघाले असते’, असे त्याने मागच्या आठवड्यात मला सांगितले. सगळे कळूनही! हा आजार आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मी त्याला लावून दिला, त्याचा उपयोगही झाला. पण समोर बसून बोलणारे माणूस हवे. मेयो आणि मेडिकल या इथल्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस या व्यसनासाठी वेगळी ओपीडी सुरू करा, संध्याकाळच्या वेळी, म्हणजे कामावरची पोरे खाडा न करता येतील.

अधिवेशनाच्या काळात माझे दुकान रोज सकाळी अकरा ते रात्री नऊ उघडे असते. भाच्याचा तो फोन मी त्याच्या परवानगीने ड्रॉवरमध्ये जपून ठेवला आहे. चॅटचे स्क्रीनशॉट त्यात आहेत, सात व्यवहार आहेत, तक्रारीची पोच आहे. तुमच्यापैकी कोणी विधानभवनातून उतरून इकडे आले, तर मी तो काढून समोर ठेवीन.

आपला,
सिताबर्डीतील एक मोबाइल दुरुस्ती करणारा
नागपूर